‘एकच भाव’च्या दुकानात बांधलेला बस्ता

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की कापड दुकानातला माणूस ‘कापड फाडतो’ असं सांगतो. आमच्यात बोलायची तशी पद्धतच आहे. खरं म्हणजे फाडण्याला काही लागत नाही. कातरीनं एक चीर दिली की पुढचं हातानं फर्रकन होतं. बाकीचा सगळा वेळ बोलण्यात जातो. उमरग्याजवळच्या मुरूम गावच्या बाजारपेठेत एकाच दुकानाच्या गादीवर बसून मी जन्मभर बोललो. शेवटची काही वर्षं मात्र मला गप्प राहण्याचा पगार मिळाला. त्या पगारानं मला जेवढं बेजार केलं तेवढं लग्नसराईतल्या गर्दीनंही कधी केलं नव्हतं.

घासाघीस म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. आमच्याकडं कापडाला तीन भाव असत. एक सांगायचा, एक द्यायचा आणि एक घरचा, म्हणजे आमची खरेदी. खरेदीचा आकडा चिठ्ठीवर अक्षरांत लिहिलेला असे. कोणतं अक्षर म्हणजे कोणता आकडा हे मालकाला आणि आम्हा दोन-तीन माणसांनाच माहीत. गिऱ्हाइकानं ती चिठ्ठी कितीही उलटसुलट केली तरी त्याला काही थांग लागत नसे. सांगायचा भाव मी सांगायचो. गिऱ्हाईक त्याच्या निम्म्यावर यायचं. मग मी कपाळाला हात लावायचो, ते तोंड वाकडं करायचं आणि दोघं एकमेकांकडं पावलापावलानं सरकायचो. मध्येच गिऱ्हाईक उठायचं. त्याला उठू द्यायचं. चप्पल घालेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुकानाची पायरी उतरलं की हाक मारायची. आधी मारली तर ते चढून बसतं, उशीर केला तर समोरच्या दुकानात शिरतं. ती हाक नेमकी कधी मारायची हे शिकवून येत नाही. मला ते कळायला लागलं तेव्हा मालकांनी मला गादीवर पुढं बसवलं.

आमचा भाग सीमेचा. पलीकडच्या गावातली माणसं ‘एष्टु री?’ म्हणत आत यायची, म्हणजे केवढ्याला. मग ‘कम्मी माडरी’, कमी करा. मला कन्नड तेवढंच यायचं, पण तेवढ्यावर मी कापडाची थानंच्या थानं विकली.

आमच्या एका गिऱ्हाइकाला घासाघीस बिलकूल खपायची नाही. शाळेतले गुरुजी होते. आत येतानाच म्हणायचे, “एकदाच काय ते बोला.” मी त्यांना द्यायचाच भाव सांगायचो. ते पैसे ठेवून, कापड काखेत मारून चालते व्हायचे. दुसऱ्या दिवशी तेच कापड घेऊन त्यांची मंडळी हजर. “त्यांना काय कळतंय? आता माझ्याशी बोला.” विकून झालेल्या मालावर घासाघीस करणारी तेवढी एकच बाई मी पाहिली. शेवटी शेवटी गुरुजींना मी मुद्दाम थोडा जास्त भाव सांगायला लागलो. दुसऱ्या दिवशी बाईंना तेवढे परत करायचो. दोघंही खूश असायचे.

पण घासाघीस म्हटलं की मला आठवतात त्या शेवंताबाई. मुरूमजवळच्या एका वाडीवरच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. उंच, सावळ्या, आवाज असा की रानातून मेंढरं हाकतात तोच दुकानातही. बाजारच्या दिवशी आधी कोकरं विकायच्या, मग आमच्याकडं यायच्या. स्वतः विकून आलेल्या असल्यामुळं विकणाऱ्याची नस त्यांना ठाऊक होती. गादीवर फतकल मारून बसायच्या आणि अर्धं कपाट खाली उतरवायला लावायच्या. इतकी लुगडी उलगडल्यावर ती पुन्हा घड्या घालताना माझी कंबर बोलायला लागायची. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

“आप्पा, ह्या लुगड्याचं काय घेताव?”

“मावशी, साडेआठशे.”

“अगं बया! एवढ्यात कोकरू येतंय. पुढं चालून लोकर देतंय ते. तुमचं लुगडं काय देतंय?”

“मग कोकरू नेसून जाताव का लग्नाला?”

सगळं दुकान हसायचं. सगळ्यात मोठ्यानं त्याच हसायच्या. हसतच म्हणायच्या, “साडेतीनशे घ्या आन लावा घडी.” मग दोन दुकानं फिरून यायच्या, आमचाच चहा प्यायच्या, घरची सगळी हकीकत सांगायच्या. सून कशी आहे, मारुती, म्हणजे त्यांचा मुलगा, कसा मुखदुर्बळ आहे, यंदा मेंढरांवर कोणता रोग आला. शेवटी भाव पाचशेवर यायचा. पैसे मोजताना हात थांबायचा. “वरनं एक खण घाला.” खण घातला की “पोरासाठी टोपी.” मी टोपीही द्यायचो. त्या गेल्या की मालक विचारायचे, “आप्पा, आपल्याला काही उरलं का?” उरलेलं असायचं. थोडंच, पण असायचं. हे शेवंताबाईंनाही माहीत होतं, म्हणून तर त्या पुन्हा यायच्या.

एकदा त्या बाजार नसताना आल्या. सोबत भाऊबंदांतला एक माणूस होता. गादीवर बसल्या नाहीत. “पांढरं द्या,” एवढंच म्हणाल्या. त्यांचे यजमान, मारुतीचे वडील, गेले होते. आमच्या दुकानात एवढ्या एकाच कापडाला घासाघीस नव्हती. थोरल्या मालकांचा शिरस्ता होता, त्याच्यावर नफा धरायचा नाही आणि भाव तोंडानं सांगायचा नाही. मी कापड फाडलं, घडी करून दिलं. त्या माणसानं पैसे ठेवले. शेवंताबाई दुकानात असूनही दुकान गप्प होतं.

पुढं बरेच महिने त्या आल्या नाहीत. मग एका बाजारी आल्या, गादीवर बसल्या आणि सुनेसाठी म्हणून एक लुगडं बाजूला काढलं. मी भाव सांगितला. त्या नुसत्या कापडावरून हात फिरवत बसल्या. मला धास्ती वाटली की सांगितलेला भाव आता मुकाट देतात. तेवढ्यात मान वर करून म्हणाल्या, “लई सांगलालाव आप्पा.” माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी खण न मागता घातला.

हे सगळं एका फळ्यानं संपवलं.

थोरले मालक थकले. धाकटे मालक पुण्यात शिकून, दोन-चार वर्षं मोठ्या दुकानातून काम पाहून आले. त्यांनी गादी काढली, फरशी घातली, काच लावली, थंड हवेचं यंत्र बसवलं. प्रत्येक कापडाला काळ्या रेघांची चिठ्ठी आली. भिंतीवर फळा लागला : ‘एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.’ मला दुकानाचं नाव लिहिलेला निळा बनियनसारखा सदरा दिला आणि काउंटरमागं उभं केलं. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण त्यांचं कोण ऐकतो?

धाकटे मालक वाईट नव्हते. मी एकदा चिडून बोललो, “धाकटे मालक, गिऱ्हाइकाला बोलायचं असतंय. तुम्ही त्याचं तोंड बांधलंय.” तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आप्पा, तुम्ही बोलक्याला स्वस्त देत होता आणि मुक्याला महाग. हा न्याय आहे का?”  त्यात खरं होतं. शेवंताबाईंसारख्यांना सुटलेले पैसे कुठून तरी भरून निघतच होते. पण त्यांच्या नव्या न्यायात तरी काय होतं? चिठ्ठीवर आधीच चढवून छापायचं आणि सणाला तेवढंच उतरवून ‘भव्य सूट’ म्हणायचं. सांगायचा भाव आणि द्यायचा भाव दोन्ही तेच ठरवणार, गिऱ्हाइकानं फक्त टाळ्या वाजवायच्या.

आणि गिऱ्हाईकही टाळ्या वाजवत होतं! चांगल्या घरच्या बाया काचेआड छापलेला भाव न बोलता देत होत्या आणि बाहेर पडल्या की दुकानासमोर पाटी घेऊन बसलेल्या भाजीवालीशी मेथीच्या पेंढीवरून हुज्जत घालत होत्या. मी काचेतून बघायचो. आत वीस मिनिटांपूर्वी ‘पर्स विसरले, फोनवरून देते’ असं गोड बोललेली बाई बाहेर त्या म्हातारीवर डोळे वटारत असायची. कधी वाटायचं, जावं आणि म्हणावं, बाई, तुमची घासाघीस चुकीच्या दारात चाललीय.

तरण्या पोरांची तऱ्हा आणखी वेगळी. एकजण बायकोला घेऊन आला. तिनं साड्या अंगावर टाकून पाहिल्या, आरशापुढं उभी राहिली. त्यानं फोटो काढले, आणि तिथंच उभं राहून फोनवर तीच साडी दुसरीकडून मागवली. आठवड्यानं ती साडी घेऊन दोघं आमच्याकडं आले. रंग वेगळाच निघाला होता. “आप्पा, ह्याच्यावर शोभेल असा ब्लाउजपीस दाखवा ना.” मी दाखवला. नोकरीच तशी होती.

लग्नाचा बस्ता मात्र अजून आमच्याकडं येत होता. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एका दुकानात बसून लग्नाचं सगळं कापड घेतात ते. आमच्या भागात नवरीच्या साड्या मुलाकडचे घेतात, नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे, आणि मानपानाचे आहेर ज्याचे त्यानं. गादीच्या काळात बस्ता बांधणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट होती. दोन घरं सोयरी होतात, पण दोन्ही घरांचं बळ सारखं असतंच असं नाही. आत येऊन बसल्यावर थोड्या वेळात कळायचं कोणाकडं ताण आहे. मग त्या बाजूची पाळी आली की मी मुद्दाम चढा भाव सांगायचो आणि त्यांच्यातल्या एखाद्या थोर बाईला तो सगळ्यांसमोर खाली आणू द्यायचो. व्याही-विहिणी बघत राहायच्या. “काय बाई हाय! आप्पाला घाम फोडला!” त्यांना परवडत नसलेली वस्तू परवडायची आणि वर मान मिळायचा. दुसऱ्या बाजूला मी तितकासा वाकायचो नाही. दुकानाचं बरोबर व्हायचं. कुणाला काही म्हणावं लागायचं नाही. ‘आम्हाला जमत नाही’ हे वाक्य बस्त्यात कुणाच्या तोंडून निघू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

मागच्या लग्नसराईत शेवंताबाईंच्या नातीचा, राणीचा बस्ता आला.

शेवंताबाई आता वाकल्या होत्या, काठी आली होती, खांद्यावर घोंगडी होती. सोबत मारुती, त्याची बायको आणि राणी. मुलाकडचे उमरग्याचे. नवरदेव कंपनीत नोकरीला, नवरदेवाची आई पदर सावरत, दुकान निरखत उभी. शेवंताबाईंनी आल्याआल्या गादी शोधली. गादी नव्हती. मी एक स्टूल दिलं, त्यावर त्या अवघडून बसल्या.

राणीच्या साड्या झाल्या. मुलाकडच्यांनी चिठ्ठी बघितली, मान हलवली, संपलं. मग नवरदेवाचा पोशाख. नवरदेवानं एक शेरवानी अंगावर चढवली आणि आरशासमोरून हलेना. मारुतीनं हळूच चिठ्ठी उलटून बघितली. बघून चिठ्ठी पुन्हा आत सारली. थोड्या वेळानं त्यानं बायकोसाठी बाजूला काढलेली साडी उचलून परत ढिगावर ठेवली. बायकोनं ते पाहिलं आणि दुसरीकडं बघायला लागली.

शेवंताबाईंनीही पाहिलं. काठी फरशीवर टेकवली.

“आप्पा, ह्या पोराच्या अंगावरच्याचं काय घेताव?”

मी छापलेला आकडा सांगितला. आवाज माझाच मला परका वाटला.

“लई हाय. निम्म्यावर या.”

बिल करणारी मुलगी पलीकडून म्हणाली, “आजी, फिक्स रेट आहे. कमी होत नाही.”

“तुला न्हाय इचारलं बाई. आप्पाला इचारलंय.”

नवरदेवाच्या आईचा चेहरा उतरला. आजूबाजूला दुसरी गिऱ्हाइकं होती. ती हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, “आजी, हितं भाव करत न्हाईत. तेवढं फळ्यावर लिवलंय. चारचौघांत बरं दिसत न्हाय.”

“घ्या, घ्या,” मारुती घाईनं म्हणाला. “घ्या तेच.”

मी तडक धाकट्या मालकांकडं गेलो. जन्मात पहिल्यांदा हात जोडून सांगितलं, ही माणसं तीन पिढ्यांची आहेत, ह्यांच्यापुरतं काहीतरी करा. त्यांनी दोन्ही हात पसरले. “आप्पा, एकाला दिलं तर दुसऱ्याला काय सांगू? आणि मशीनमध्ये ती सोयच नाही.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तेच तर सगळ्यात चीड आणणारं होतं. भांडावं तर समोर माणूस नाही, मशीन. मी परत आलो आणि काउंटरमागं मुकाट उभा राहिलो. शेवंताबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. माझ्याकडून भाव मागण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं.

त्यांनी काठीच्या आधारानं उठून स्टूल उचललं आणि नवरदेवाच्या आईसमोर नेऊन ठेवलं. त्यावर बसल्या.

“इहीणबाई, दुकानदार बोलंना झालाय. मग आपण दोघी बोलू.”

“काय बोलायचं आता?”

“पोराला ते पायजे. द्यायचं, हौस हाय त्याची. पर एकदाच घालणार त्यो. आमी निम्मं घालताव, निम्मं तुमी घाला.”

 मारुतीनं मान खाली घातली. नवरदेवाची आई लाल झाली. “असं कुठं असतंय व्हय? पोशाख मुलीकडचाच असतोय.”

“असतोय. मग मानपानाच्या साड्या कशाला येवढ्या? तुमी आमाला येवढ्या देणार, आमी तुमाला येवढ्या देणार. नेसणार कोण? पेटीत पडणार, फुडं दुसऱ्याच्या लग्नात फिरणार. त्या निम्म्या करा दोनीकडच्या.”

“आन माझ्या जावा काय म्हणतील? दोघी-तिघींना तरी पायजेत.”

हे ऐकलं आणि माझ्या कानाला खरं वाटेना. विहीणबाईंनी आकडा सांगितला होता! चिडून का होईना, त्या घासाघिशीत उतरल्या होत्या.

“जावांना घाला. चुलत्या-मावळणींना खण बास हाय.”

“खण नगं. ब्लाउजपीस तरी चांगलं.”

“बरं, ब्लाउजपीस. आन पोशाखाचं?”

“निम्मं न्हाय जमायचं, आजी. फेटा आमचा, बूट आमचे. पोशाख तुमचा.”

“फेटा, बूट आन वरचा शेला.”

“शेला कशाला?”

मला राहवलं नाही. “विहीणबाई, शेला शेरवानीबरोबरच शोभतो. मी दाखवतो तुम्हाला.” मी काउंटरच्या बाहेर आलो. कितीतरी दिवसांनी गिऱ्हाइकाशेजारी जाऊन बसलो, फरशीवरच. एकीला पटवायचं, दुसरीला थांबवायचं, मध्येच एखादी साडी उलगडून वाद दुसरीकडं न्यायचा. हातात एक पैसा कमी करायची ताकद नव्हती, तरी बोलायला मिळालं. बिल करणारी मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. मागं रांग लागली होती, एकजण ‘किती वेळ?’ म्हणून कुरकुरला. त्याला राणीनंच सांगितलं, “दादा, माझं लगीन चाललंय, थांबा जरा.”

विहीणबाई एकदा उठल्याही. थेट दारापर्यंत गेल्या. शेवंताबाई हलल्या नाहीत. विहिणीनं दार उघडेपर्यंत त्यांनी वाट बघितली आणि मग हाक मारली, “अवो, बूट ऱ्हाऊ द्या, बूट आमचे.” विहीणबाई वळल्या. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमला नाही. मी जन्मभर मारत आलो त्या हाकेपेक्षा ती हाक सरस होती हे मला कबूल करावं लागतं.

ठरलं. मानपान दोन्हीकडचं आटोपतं, फेटा आणि शेला मुलाकडचा, बूट मुलीकडचे. मारुतीनं परत ठेवलेली साडी विहीणबाईंनीच ढिगातून काढली आणि राणीच्या आईच्या मांडीवर ठेवली. “ही ऱ्हाऊ द्या बाजूला. लग्नात नेसा.” तेवढ्या वेळात त्या दोघींना एकमेकींचा जेवढा अंदाज आला तेवढा पुढं वर्षभर सणावारी भेटूनही आला नसता. राणी आता उमरग्यात नांदते. सासू तिला कधी बोलली की तीही मान वर करून बोलते, आणि सासू ऐकून घेते, असं मारुतीनंच मला सांगितलं.

मशीननं बिल काढलं. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. मुलीनं विचारलं, “पिशवी हवी का? पिशवीचे वेगळे लागतील.”

मला वाटलं, आता छप्पर उडतं. एवढ्या मोठ्या बस्त्याला पिशवीचे पैसे! माझंच डोकं फिरलं होतं.  पण शेवंताबाईंनी खांद्यावरची घोंगडी काढली, फरशीवर मधोमध पसरली आणि काठी बाजूला ठेवली.

“आप्पा, बांधा.”

मी निळ्या सदऱ्यातच खाली बसलो. साड्या एकावर एक रचल्या, शेरवानी वर आडवी ठेवली, चारी कोपरे ओढले. घोंगडी जाड असते, गाठ लवकर बसत नाही. गुडघा टेकवून ओढून बांधली. मारुती गठोडं उचलायला पुढं आला, त्याला मी मागं सारलं. गठोडं खांद्यावर घेऊन मी काचेच्या दारापाशी गेलो, आणि धाकटे मालक स्वतः उठून आले, माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.